जहाजाच्या भरपाईंत गेलेला मुलूख

तलासरीहून उधव्याच्या वाटेनें पुढें गेलें कीं थोड्याच अंतरावर महाराष्ट्र संपतो व नगर-हवेली लागते. भाताचीं खाचरें तींच, कुडाचीं घरें तींच, वारली बोलीही तीच. आमच्या डहाणू-तलासरीकडील कुटुंबांच्या सोयरिकी सीमेच्या दोन्ही अंगांस जुळलेल्या आहेत. मग ही सीमा आली कोठून? हें सांगण्यापूर्वी आम्ही वाचकांस क्षणभर फार दूरच्या एका बेटाकडे नेऊं इच्छितों. कारण दोन्ही ठिकाणीं जवळ जवळ एकाच काळीं सारखाच प्रकार घडला.

कॅरिबियन समुद्रांतील सेंट बार्थेलेमी हें बेट पंचवीस चौरस किलोमीटरांहून मोठें नाहीं. फ्रान्सच्या राजानें तें 1784 सालीं स्वीडनच्या राजास देऊन टाकलें आणि मोबदल्यांत स्वीडनांतील गॉथनबर्ग बंदरांत व्यापाराची सवलत घेतली. बेटावरील शेतकऱ्यांस कोणीं विचारलें नाहीं. गुलामांची तर गोष्टच नको. तेथील गुलामगिरी 1847 सालीं उठली, तेव्हां भरपाईचा पैसा मिळाला तो धन्यांस. पुढें बेट फ्रान्सास परत करावयाचें ठरलें, त्या वेळीं मात्र 1877 सालीं रहिवाशांचें मत घेण्यांत आलें, व विरुद्ध पडलें तें केवळ एक मत.

आतां आपल्याकडे पाहूं. मराठ्यांच्या आरमारानें 1772 सालीं पोर्तुगीजांचें ‘सांताना’ नांवाचें जहाज पकडलें. त्याची भरपाई व्हावी व स्नेह राहावा म्हणून पुणें दरबारानें 1779 च्या तहानें पोर्तुगीजांस वर्षाला बारा हजार रुपये वसुलाचीं गांवें देण्याचें कबूल केलें. त्याप्रमाणें 1783 सालीं नगर-हवेली व 1785 सालीं दादरा त्यांच्या हातीं गेलें. वाचकांनीं येथें एक शब्द नीट ध्यानांत घ्यावा. दिला होता तो वसूल, राज्य नव्हे; म्हणजे हा सरंजाम होता. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानेंही 1960 सालीं हेंच सांगितलें. परंतु 1818 सालीं पेशवाई बुडाली, नव्या इंग्रज सरकारनें हरकत घेतली नाहीं, आणि सरंजामदाराचा राजा झाला. गांवकऱ्यांस या फरकाची वार्ताही नसावी.

पोर्तुगीज सरकारनें ‘आल्वारा’ नामक सनदांनीं मोठमोठ्या जमिनी दिल्या. सनद एकाच्या हातीं व नांगर दुसऱ्याच्या हातीं, असें पुष्कळ ठिकाणीं झालें. तथापि अलीकडे इंग्रजांचें राज्य होतें म्हणून येथील वारल्यांची स्थिति बरी होती, असें कोणीं समजूं नये. लग्नासाठीं कर्ज काढून सावकाराच्या घरीं राबणारा ‘लग्नगडी’ आमच्याच तालुक्यांतला. तलासरीजवळील झरी गांवीं 1945 सालीं वारल्यांची परिषद भरली व ही वेठ झुगारण्याचा निश्चय झाला. सीमेपलीकडे आल्वारा मोडण्याचा कायदा व्हावयास 1971 साल उजाडावें लागलें.

पोर्तुगीजांचा अंमल त्याआधींच उठला होता. दादरा 22 जुलै 1954 रोजीं स्वयंसेवकांनीं घेतलें व 2 ऑगस्ट रोजीं सिल्वासा मोकळें झालें. दमणहून कुमक आणावी तर मध्यें भारताची भूमि. ती वाट भारत सरकारनें बंद केली होती. पोर्तुगालनें हेगला दाद मागितली. व्यापारी माल व मुलकी अधिकारी यांना वाटेचा हक्क होता, सैन्यास नव्हता, आणि भारतानें आपलें कर्तव्य मोडलें नाहीं, असा निवाडा झाला.

सुमारें सात वर्षें हा मुलूख वरिष्ठ पंचायतीनें चालविला. भारतांत विलीन होण्याचें तिनें ठरविलें, परंतु करारावर सही कोणीं करावी हा पेंच पडला. तेव्हां भारत सरकारचे अधिकारी के. जी. बदलानी यांस एका दिवसापुरतें तेथील पंतप्रधान नेमण्यांत आलें व 11 ऑगस्ट 1961 रोजीं विलीनीकरण झालें. पुढें 2020 सालीं दमण व दीव यांजबरोबर याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. 2011 च्या शिरगणतींत दादरा व नगर-हवेलीची वस्ती 3,43,709 भरली. तींत आदिवासी निम्म्याहून थोडे अधिक. कारखान्यांपायीं बाहेरचे लोक फार आले आहेत, आणि सकाळीं आमच्या तलासरीकडील तरुणही तीच सीमा ओलांडून सिल्वासाच्या कारखान्यांत कामास जातात.