स्किमर विकताना बॉक्सवरचा आकडा विकू नका



मागच्या व्हिडिओत दुकानाचा मरीन कोपरा दाखवला होता. टँकच्या खाली एक नळकांडं सारखं फसफसत होतं, ते प्रोटीन स्किमर. आजचा धडा तो निवडण्याचा आहे. ज्यांना अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकायचंय, किंवा चालू दुकानात खाऱ्या पाण्याचा विभाग वाढवायचाय, त्यांनी वही घेऊन बसा. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण एसी विका की पाण्याची मोटर, बॉक्सवर एक आकडा असतो आणि गिऱ्हाइकाच्या घरात परिस्थिती वेगळीच असते.

माझ्या दुकानाचं दुसरं वर्ष होतं. एक डॉक्टर आले. टँक चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. म्हणाले, "दादा, रीफ टँक करतोय, चांगला स्किमर द्या." मी सेंटिमीटरमध्ये माप धरलं, १२२ गुणिले ६१ गुणिले ६१, भागिले हजार. साधारण ४५४ लिटर. शेल्फवर '५०० लिटरपर्यंत' लिहिलेला एक पीस होता. उचलला, दिला, बिल फाडलं. १,९०० रुपये सुटले. बीबीएला मार्जिन काढायला शिकलोच होतो, मी खूश.

आठवड्याभरात फोन आला. स्किमरचा कप रात्रीत स्वच्छ पाण्याने भरला आणि लॅमिनेटच्या फरशीवर पाणी सांडलं. जाऊन बघतो तर संपमध्ये पाणी ११ इंच, आणि हा स्किमर ७ इंच पाण्यात बसायला बनवलेला. (संप म्हणजे टँकखालची फिल्टरची टाकी, कामगारांचा नव्हे.) मी विकताना संपचं माप विचारलंच नव्हतं. खाली अ‍ॅक्रिलिकचा स्टँड ठेवून वेळ मारून नेली.

दोन महिने बरे गेले. तोवर डॉक्टरांचे मासे चाराचे अकरा झाले, खाणं दिवसातून दोनदा, त्यात फ्रोजन फूड. नायट्रेट वाढत गेलं, खडकावर हिरवं केसाळ शेवाळ आलं. मी काय केलं? "सर, तुम्ही खाणं जास्त घालताय," असं सांगितलं. म्हणजे चूक त्यांच्यावर ढकलली. एका शनिवारी सकाळी त्यांचा ब्लू टँग गेला. एकट्या स्किमरमुळे गेला असं मी म्हणणार नाही, पण कमी पडणारा स्किमर त्या घरात मीच बसवला होता. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, मला यातलं कळत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो होतो."

तो स्किमर मी परत घेतला, मोठा खरेदीच्या भावात दिला. वापरलेला पीस अर्ध्या किमतीत गेला, पेट्रोल आणि चार चकरा वेगळ्या. पण खरं नुकसान ते नाही. साडेचारशे लिटरच्या टँकमध्ये दर पंधरा दिवसांनी १० टक्के पाणी बदललं तर महिन्याला ९० लिटर नवं खारं पाणी लागतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ धरलं तर महिन्याला तीन किलोच्या वर मरीन सॉल्ट. शिवाय खाणं, टेस्ट किट, फिल्टर सॉक. हे गिऱ्हाईक वर्षानुवर्षं येणारं होतं. नंतर ते सॉल्ट दुसरीकडून घेऊ लागले.

स्किमर करतो काय?

माझं आजोळ कागलकडचं. गुऱ्हाळात काहिलीत रस उकळायला लागला की वर मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो. मळी रसात राहिली तर गूळ बिघडतो. स्किमर टँकसाठी तेच करतो, फक्त उकळण्याऐवजी हवेच्या बुडबुड्यांनी.

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, अंगावरचा बुळबुळीतपणा यातून प्रथिनं आणि चरबीसारखे पदार्थ पाण्यात उतरतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात, बुडबुड्यांबरोबर वर चढतात आणि फेस होऊन कपात पडतात. जे कपात पडलं त्याचं पुढे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट होत नाही. जैविक फिल्टर घाण कुजायला लागल्यावर कामाला लागतात, हा त्याआधीच बाहेर काढतो. वर पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो वेगळा. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात आणि एकमेकांत पटकन मिसळत नाहीत. गोड्या पाण्यात ते मोठे होऊन फुटतात, म्हणून घरच्या गोड्या पाण्याच्या टँकला हा विकू नका. कोणी मागितला तरी नाही.

आकडा कसा वाचायचा

'५०० लिटरपर्यंत' म्हणजे किती माशांसाठी? बहुतेक वेळा ते कमी मासे धरून लिहिलेलं असतं. काही कंपन्या कमी, मध्यम, जास्त असे तीन आकडे देतात. त्यातला जास्त मासे असतानाचा आकडा बघा. एकच आकडा असेल तर मी भरपूर माशांच्या टँकसाठी एकूण पाण्याच्या दीडपट रेटिंगचा स्किमर धरतो. एकूण पाणी म्हणजे टँक अधिक संपमधलं पाणी, त्यातून खडकाची जागा वजा. हा माझा दुकानातला अंदाज आहे, नियम नव्हे.

मग मोठाच देऊन टाकावा का? सेल्समन हेच सांगेल. पण पाण्यात घाण कमी आणि स्किमर अवाढव्य असेल तर गळ्यापर्यंत फेसच टिकत नाही. कधी काळा चिकट माल येतो, कधी दोन दिवस काहीच नाही, आणि गिऱ्हाईक रोज फोन करतं. म्हणून लिटरपेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त बघा: पंप तासाला किती लिटर हवा खेचतो, बॉडीचा व्यास किती, गळ्याचा व्यास किती. हवा जास्त आणि बॉडी रुंद असेल तर पाणी बुडबुड्यांबरोबर जास्त वेळ राहतं. गळा मात्र घाणीच्या मानाने हवा. चार माशांच्या टँकला रुंद गळा दिला तर फेस वर चढणारच नाही.

पंपाचे वॅट विचारा, कारण हा पंप चोवीस तास चालतो. २० वॅटचा पंप महिन्याला १४.४ युनिट खातो, ८ वॅटचा पावणेसहा. युनिटला १० रुपये धरा, महिन्याला ८० ते ९० रुपयांचा फरक. गिऱ्हाइकासमोर हा हिशोब कागदावर मांडला की महाग स्किमरची किंमत त्याला आपोआप समजते. डीसी पंप कमी वीज खातो आणि वेगही कमी-जास्त करता येतो, पण व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात अडॅप्टर जातो. तिथे सोबत चांगला स्टॅबिलायझर सुचवा किंवा साधा एसी पंपाचा द्या.

संप न बघता विकायचा नाही

डॉक्टरांनंतर मी घातलेला हा नियम आहे. एक तर संपचा फोटो आणि टेपने मोजलेलं माप व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, नाहीतर स्वतः जा. स्किमर संपच्या कप्प्यात मावतो का, वर कप काढायला हात जातो का, आणि पाणी कंपनीने सांगितलेल्या उंचीवर राहतं का, एवढं बघायचं. रिटर्न पंपाच्या कप्प्यात स्किमर ठेवू नका. बाष्पीभवनाने पाणी त्याच कप्प्यात खाली जातं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते झपाट्याने जातं. काचेच्या आडभिंतीने पातळी पक्की धरलेला कप्पा हवा.

लाइट जाण्याचाही विचार करा. लाइट गेली की वरच्या टँकचं पाणी संपमध्ये उतरतं. लाइट आली की स्किमर त्या वाढलेल्या पातळीत सुरू होतो आणि कप भरून वाहतो. रिटर्न पंप आधी आणि स्किमर पाच-दहा मिनिटांनी सुरू करायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, फक्त साहेबांना नाही. दुपारी घरी आई असतात.

संपच नसेल तर टँकला मागून लटकणारा स्किमर चालतो. आणि साठ-सत्तर लिटरचा छोटा टँक, दोन क्लाउनफिश, असं गिऱ्हाईक आलं तर सांगा, "स्किमर नको, दर आठवड्याला थोडं पाणी बदला." आजची विक्री जाईल. ते गिऱ्हाईक मोठा टँक करताना तुमच्याकडेच येतं, हे मी दोन-तीनदा अनुभवलंय.

कोरल मागितलं तर

रीफ म्हटलं की हा प्रश्न येतोच. खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. "आणून देतो, कोण बघतंय" म्हणणाऱ्या सप्लायरला चहासुद्धा पाजू नका. मी कृत्रिम खडकाची रीफसारखी मांडणी, मासे आणि उपकरणं एवढंच विकतो. मासे जास्त असलेल्या अशा टँकला चांगला स्किमर लागतोच.

माल किती भरायचा

सुरुवातीला दोनच मॉडेल ठेवा, एक अडीचशे-तीनशे लिटरच्या टँकसाठी आणि एक पाचशेच्या आसपासच्या. बाकीचे अ‍ॅडव्हान्स घेऊन ऑर्डरवर. दहा पीसवर एक फ्री अशी स्कीम येईल, मोह आवरा. मरीनची गिऱ्हाइकं कमी असतात, पैसे शेल्फवर अडकतात. त्यापेक्षा त्या दोन मॉडेलचे इंपेलर आणून ठेवा. इंपेलर तुटला आणि तुमच्याकडे मिळाला नाही, तर दहा हजारांचा स्किमर नळकांडं होऊन बसतो. ज्या ब्रँडचे स्पेअर मिळत नाहीत तो कितीही स्वस्त असला तरी मी ठेवत नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी

बिलाच्या मागे मी हाताने लिहून देतो. नवीन स्किमर पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, नीट फेस धरत नाही किंवा उतू जातो. बॉडीला कारखान्यातला तेलकटपणा असतो, तो गेला की सुरळीत होतो, घाबरू नका. तोवर पाण्याची पातळी कमी ठेवा. टँकमध्ये औषध किंवा वॉटर कंडिशनर घातलं तर स्किमर आधी बंद करा. हाताला क्रीम असताना पाण्यात हात घालू नका. गळ्याच्या आतला चिकट थर आठवड्यातून एकदा पुसा, नाहीतर फेस वर चढत नाही. हवेच्या नळीत मीठ साचतं, गरम पाणी ओढू द्या. दोन-तीन महिन्यांनी पंप खोलून पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा, चुन्याचा थर निघून जाईल. शेवटी माझा नंबर, आणि 'पंधराव्या दिवशी मी स्वतः येऊन बघेन' ही ओळ. ती तारीख मी तिथेच त्यांच्यासमोर फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकतो.