धरणाकाठची तहान : शहापूर व मुरबाड तालुक्यांचा पाणीप्रश्न

सह्याद्रीच्या पायथ्याशी एकमेकांस लागून असलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईची तहान भागविणारा तानसा तलाव १८९२ साली शहापूर तालुक्यातच बांधून पूर्ण झाला. पुढे वैतरणा नदीवर १९५७ साली मोडकसागर झाला. त्यानंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा भातसा धरण उचलते. असे असूनही याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

या विसंगतीचे एक कारण भूमीच्या रचनेत आहे. येथील बेसॉल्ट खडक कठीण असून त्यावरील मुरमाचा थर पातळ आहे. जूनपासून चार महिने कोसळणारे पाणी तीव्र उतारावरून ओढ्यांवाटे निघून जाते, आणि विहिरी मुरमात साठलेल्या थोड्या पाण्यावर तग धरतात. मार्चनंतर ओढ्याच्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरण्याची वेळ स्त्रियांवर येते. दुसरे कारण उंचीचे. तानशाचे पाणी नळातून उताराने मुंबईस जाते. पाडा मात्र बहुधा जलाशयाच्या वर, डोंगराच्या अंगास वसलेला असतो व त्यास तेच पाणी चढवावे लागते. पंपाची दुरुस्ती आणि विजेचे देयक तुटपुंज्या उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीस पेलत नाही. योजना कागदावर पूर्ण आणि टाकी कोरडी, हे दृश्य त्यामुळेच दिसते. इगतपुरी तालुक्यातील उंचावरच्या भावली धरणातून गुरुत्वाने शहापूरच्या गावांस पाणी आणण्याची योजना या दृष्टीने उचित म्हणावी लागेल.

भाताचे एक पीक निघाले की खाचरे ओस पडतात. दुसऱ्या पिकास पाणी नसल्याने दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही त्यांच्यासमवेत जातात. शाळेच्या हजेरीपटावर दिसणारी ही घट पालकांच्या अनास्थेची खूण मानणे अन्यायाचे आहे. शिक्षकांनी स्थलांतरित मुलांची नावनिशी गावोगावच्या शाळांस वेळीच कळविली, तर त्यांचे वर्ष वाचू शकते.

मुरबाडचा अनुभव वेगळ्या अंगाने बोधप्रद आहे. महानगर प्रदेशासाठी योजलेल्या काळू धरणाचे काम वनविभागाची आवश्यक मंजुरी नसतानाच सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर २०१२ मध्ये ते थांबविण्यात आले. महानगरास पाणी लागते हे कोणी नाकारणार नाही. परंतु ज्यांची जमीन बुडणार, त्यांना सर्वांत शेवटी विचारले जाते, ही पद्धत समर्थनीय नाही.

शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये तेथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय आवश्यक आहे, तसेच लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे. या दुसऱ्या तरतुदीचा उपयोग फार थोड्या ठिकाणी होतो. पाऊस ओसरताच, ओढा वाहता असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालता येतो. त्याने साऱ्या उन्हाळ्याची चिंता मिटत नाही, पण खालच्या अंगाच्या विहिरीस काही आठवड्यांचा आधार मिळतो. पाड्याच्या वरच्या बाजूस असलेला झरा बांधून नळाने उतरविला, तर विजेचा खर्चच उरत नाही.

ज्या पाड्याचे नाव दरवर्षी टँकरच्या यादीत येते, तेथील टंचाई आकस्मिक म्हणता येणार नाही. प्रत्येक विहिरीची पाणीपातळी ऑक्टोबरपासून दरमहा दोरीने मोजून ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिण्यास विशेष खर्च नाही. शाळेतील वरच्या वर्गाची मुले ते काम सहज करू शकतात, आणि तालुक्याचा टंचाई आराखडा तयार होण्यापूर्वी ती वही ग्रामसभेपुढे ठेवता येते.