ग्रुपवर नुसतं 'सुप्रभात'!

प्रश्न : गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, पण कामाचं कुणी बोलतच नाही. काय करावं?
– एक वाचक, वरसे (ता. रोहा)

उत्तर : धाटाव एमआयडीसीत पाळीवर जाणारा आणि मुंबईतला चाकरमानी, दोघांना एकच ग्रुप पुरणार कसा? 2022 मध्ये आलेल्या 'कम्युनिटी' सोयीत अनेक ग्रुप एकत्र बांधता येतात. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहितात, गप्पा दुसरीकडे. सूचना मोघम नको : पाणी कुठल्या आळीत, किती वाजेपर्यंत बंद, तेही लिहा. पावसाळ्यात 'कुंडलिकेला पाणी किती चढलंय?' एवढंच विचारून बघा. एरवी गप्प बसणारेही फोटो टाकतील. अ‍ॅडमिन दोन-तीन नेमा, त्यात बायकाही हव्यात. राजकीय फॉरवर्ड पहिल्या दिवसापासून बंद. सुप्रभातवाल्यांशी मात्र भांडू नका, त्यांना गप्पांच्या ग्रुपवर धाडा.