पडद्यावरचा लंबक आणि दोऱ्याचा लंबक

साधा लंबक तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिलाच असेल. आता तो संगणकाच्या पडद्यावरही झुलवता येतो. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकीशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या संकेतस्थळावर लंबकाचा एक आभासी प्रयोग आहे. तो कोणालाही विनामूल्य करता येतो. तुमच्या शिक्षकांनी तो वर्गात दाखवला, तर नुसते बघत बसू नका. वही-पेन्सिल घेऊन बसा.

प्रयोगाचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लंबकाची लांबी १ मीटर ठेवा आणि गोळ्याचे वस्तुमान वाढवा. आवर्तकाल, म्हणजे एक पूर्ण आंदोलन होण्यास लागणारा वेळ, बदलतो का? नाही. आता लांबी २५ सें.मी. करा. लांबी चौथाई झाली, पण आवर्तकाल मात्र निम्मा झाला. सुमारे २ सेकंदांवरून १ सेकंदावर आला. असे का, याचा विचार करा. पुन्हा लांबी १ मीटर करून पृथ्वीऐवजी चंद्र निवडा. तोच लंबक आता एका आंदोलनाला जवळजवळ ५ सेकंद घेईल. हा प्रयोग करायला आपल्याला चंद्रावर कोण नेणार? पडद्याचा खरा उपयोग येथे आहे.

आणखी एक गंमत पाहा. 'कोन लहान असावा' असे पुस्तकात छापलेले असते. लहान म्हणजे किती? पृथ्वीवर १ मीटर लांबीचा लंबक १० अंशांतून सोडला, तर आवर्तकाल २.०१ सेकंद येतो. ६० अंशांतून सोडला, तर तो २.१५ सेकंद होतो. पुस्तकातल्या त्या तीन शब्दांचा अर्थ या दोन आकड्यांत आहे.

येथवर सारे छान झाले. आता माझी एक चूक सांगतो. एकदा अकरावीच्या वर्गाला मी हा आभासी प्रयोग आधी दाखवला आणि मग दोरा व गोळा हाती दिला. एका गटाने ५० सें.मी. दोरा घेतला. २० आंदोलनांना २९.२ सेकंद लागले, म्हणजे आवर्तकाल १.४६ सेकंद. गुरुत्व त्वरण काढण्याचे सूत्र असे : ३९.५ गुणिले लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग. (३९.५ म्हणजे पायच्या वर्गाची चौपट.) उत्तर आले सुमारे ९.३. मुलांनी ते खोडले आणि ९.८ लिहिले. "सर, पडद्यावर तर ९.८ च येत होते!" मीही घाईत होतो. वहीवर सही करून टाकली.

घरी जाताना मात्र चुकल्यासारखे वाटत राहिले. दुसऱ्या दिवशी मी तोच लंबक पुन्हा टांगायला लावला. मुलांनी फक्त दोरा मोजला होता. लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी लागते. आकडा आणि गोळ्याची त्रिज्या मिळून ३ सें.मी. राहून गेले होते. लांबी ५३ सें.मी. धरली आणि उत्तर आले ९.८! खोडलेले ९.३ हेच त्या दिवसाचे खरे निरीक्षण होते, आणि चूक कोठे आहे हे तेच सांगत होते.

पडद्यावरच्या लंबकाची लांबी कोणाला मोजावी लागत नाही. त्याचा दोरा ताणला जात नाही, घर्षण हवे तर शून्य करता येते. त्याला जे समीकरण दिले आहे, त्याप्रमाणे तो हलतो. म्हणून तो समीकरण समजावून देतो. ते निसर्गात खरे आहे की नाही, हे विचारायचे ते दोऱ्यालाच.

१६७२ साली झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे होता. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. रिशेने तो फरक झाकला नाही, नोंदवून ठेवला. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात पृथ्वी विषुववृत्ताजवळ फुगीर आहे, या म्हणण्यासाठी त्याच नोंदीचा आधार घेतला.

तेव्हा आज घरी एक लंबक टांगा. दोरा आणि एक जड नट पुरे. लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजा, कोन १० अंशांच्या आत ठेवा, २० आंदोलनांचा वेळ घ्या. असे तीनदा करून सरासरी काढा. मग तेवढ्याच लांबीचा लंबक पडद्यावर झुलवा. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहा. ती जुळली नाहीत, तर खोडरबर मात्र दप्तरातच राहू द्या.