इंग्रजीच्या तासाला 'कीचकवध'

ऑर्वेलचे 'ॲनिमल फार्म' (१९४५) शिकताना विद्यार्थी बहुधा कोणता प्राणी म्हणजे कोणता पुढारी, एवढेच पाठ करतात. उपहासाची धार हाती लागत नाही. म्हणून त्याआधी शिक्षकांनी कृ. प्र. खाडिलकर यांचे 'कीचकवध' (१९०७) घ्यावे. कथा महाभारतातील, भोपाळच्या कोलार रोडवरील हिंदी मुलांनाही ती परकी नाही. प्रेक्षकांनी मात्र कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत भारतमाता, युधिष्ठिरात मवाळ व भीमात जहाल ओळखले. नाटकात कर्झनचे नावही नाही; तरीही १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

ही जुळणी फळ्यावर आधीच लिहू नये. प्रथम प्रवेश वाचून घ्यावा, मग साल सांगावे आणि सरकार कशाला भ्याले असावे, हे मुलांनाच विचारावे. उत्तर मातृभाषेत आले तरी चालेल. इंग्रजी वाक्य नंतर घडविता येते.