ऐकू येतं, पण कळत नाही

बारावीला इंग्रजीत ८५ गुण, व्याकरण पक्कं, निबंध झकास. पण कंपनीतून फोनवर मुलाखत झाली आणि पलीकडचा माणूस काय विचारतोय तेच कळलं नाही. पालक हे सांगत असतात तेव्हा मुलगा शेजारी खाली मान घालून बसलेला असतो. पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू?" माझं उत्तर बहुतेकदा असतं, तूर्तास कुठलाच नको. तिथे बोलायला शिकवतील आणि याचं अडलंय ऐकण्यात.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारा वर्षं इंग्रजी झालं, पण ते डोळ्यांनी. कानावर पडलं ते वर्गात, एकेक शब्द सुटा करून म्हटलेलं. प्रत्यक्षात इंग्रजी बोलणारा मिनिटाला साधारण दीडशे शब्द बोलतो, रंगात आला की दोनशेच्या वर जातो. तरी खरी अडचण वेगाची नाहीच.

मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ देतो. इंग्रजीत वाक्यातल्या दोन-तीन महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले बारके शब्द चेपले जातात. 'टू'चं नुसतं 'ट' उरतं, 'ऑफ'चं 'अव', 'हिम'चं 'इम'. 'आय शुड हॅव टोल्ड हिम' हे वाक्य कानावर येतं ते 'आय शुडव टोल्डिम' असं. मुलगा त्यात 'हॅव' शोधत बसतो, तोवर पुढची दोन वाक्यं निघून जातात. हे बोलणं गावंढळ नाही. तिकडचे प्राध्यापकही असंच बोलतात. आपण तरी 'काय करत आहेस' असं कुठे म्हणतो? 'काय करतोयस' म्हणतो, आणि पुस्तकावरून मराठी शिकलेला पाहुणा आपल्या तोंडाकडे बघत राहतो.

यात नोकरीच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची जोडी 'कॅन' आणि 'कांट' यांची. अमेरिकी माणूस 'कांट'चा उच्चार 'कॅन्ट' असा करतो आणि त्यातला शेवटचा 'ट' बऱ्याचदा गिळतो. मग ओळखायचं कसं? होकारातला 'कॅन' दबून 'कन' होतो, नकारातला ठसठशीत 'कॅन' ऐकू येतो. ग्राहक 'मला जमणार नाही' म्हणाला आणि तुम्ही 'जमेल' अशी नोंद केली, तर पुढचं सगळंच फिसकटतं.

उपाय फुकटातला आहे, पण चिकाटीचा. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर 'सिक्स मिनिट इंग्लिश' नावाचा कार्यक्रम आहे, सोबत त्याची लेखी संहिताही मिळते. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. संहिता न बघता ऐका, थांबवा, ऐकलेलं वहीत लिहा. कळलं नाही तिथे जागा मोकळी सोडा. चार-पाचदा ऐकून झालं की मगच संहिता उघडा. आता मोकळ्या जागा तपासा. शब्दच नवा असेल तर शब्दकोश आहे. पण बहुतेक ठिकाणी 'अ‍ॅट', 'देम', 'वुड' असले पाचवीपासून ठाऊक असलेले शब्द निघतात. त्यांच्याखाली लाल रेघ मारा, तोच तुकडा पुन्हा लावा आणि बोलणाऱ्याबरोबर त्याच चालीत मोठ्याने म्हणा. लाजू नका, दार लावून घ्या. जे आपल्या तोंडातून निघतं ते कानाला लवकर ओळखू येतं. रोज वीस मिनिटं पुरे. काही आठवड्यांत लाल रेघा त्याच त्या शब्दांखाली पडताना दिसतील.

सबटायटल लावून मालिका पाहणं हा सराव नव्हे, ते वाचन आहे. वेग कमी करून ऐकण्याचाही फारसा उपयोग नाही; गिळलेला आवाज हळू केला म्हणून परत येत नाही.

कुणाचं इंग्रजी ऐकायचं, हे मात्र ध्येय पाहून ठरवा. बंगळुरूच्या टीमबरोबर काम करायचं असेल, तर हैदराबादी-तमिळ धाटणीचं इंग्रजीही कानावरून जायला हवं. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं त्यासाठी उत्तम. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणार असाल, तर श्रवणाच्या भागात सुमारे अर्ध्या तासात ४० प्रश्न असतात, ध्वनिफीत एकदाच ऐकवतात आणि ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकी असे वेगवेगळे उच्चार येतात. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात हे साधत नाही.

पालकांना एकच विनंती. मूल कानात हेडफोन घालून एकच वाक्य दहादा ऐकत असेल, तर 'मोबाइल ठेव आणि अभ्यास कर' म्हणू नका. आणि मुलांनो, मुलाखतीत प्रश्न कळला नाही तर अंदाजाने उत्तर ठोकू नका. नुसतं 'सॉरी?' म्हणण्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं सांगून उरलेलं विचारा: 'तुम्ही माझ्या प्रोजेक्टबद्दल विचारलंत, पण शेवटचा भाग पुन्हा सांगाल का?' याचं इंग्रजी वाक्य आजच तयार करून ठेवा.