पिवळे पडलेले चेहरे

प्रश्न : बहिणीच्या हळदीचे फोटो मांडवात काढले. सगळ्यांचे चेहरे पिवळेजर्द आलेत. पिवळा रंग कमी केला, तर ते राखेसारखे निस्तेज दिसतात. कॅमेरा बिघडला आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : असा पिवळेपणा बहुधा कॅमेऱ्याचा बिघाड नसतो, ती प्रकाशाची छटा असते. रंगतापमानाच्या मापात पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा, तर भरदुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० केल्विनचा असतो. डोळा हा फरक बराचसा सावरून घेतो. कॅमेऱ्यात ते काम व्हाइट बॅलन्स करतो. मांडवाच्या रंगीत कापडातून गाळून आलेला प्रकाशही चेहऱ्यावर छटा चढवतो.

नुसता पिवळा रंग उतरवला की त्वचेची ऊबही जाते. त्याऐवजी व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर फोटोतल्या करड्या किंवा फिकट पांढऱ्या वस्तूवर टेकवावा. हळद लागलेला सदरा किंवा प्रकाशाने पांढराफटक पडलेला भाग निवडू नये. हिरवट झाक उरल्यास टिंट किंचित मॅजेंटाकडे न्यावा.

त्वचा गोरी असो वा सावळी, संपादनाच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या तिच्या रंगांच्या आकड्यांत साधारणपणे लाल सर्वांत जास्त, मग हिरवा आणि निळा सर्वांत कमी असतो. एका गालावर बल्ब आणि दुसऱ्यावर ऊन असेल, तर मास्क लावून दोन्ही बाजू वेगवेगळ्या दुरुस्त कराव्यात.

मूळ फाइल जपून ठेवावी. रॉ असल्यास दुरुस्तीला अधिक वाव मिळतो. गालावरची हळद पिवळी आणि सावळा चेहरा सावळाच दिसला, म्हणजे रंग जमला.